सांभाळ करण्यास तयार नाही

केक कापायच्या आधीच स्वानंदने मेणबत्ती फुंकून टाकली.

पाहुण्यांतली एक मुलगी हसली, मग सगळेच हसले. ज्यांचा वाढदिवस होता ते गृहस्थ ठाण्याहून सहकुटुंब आले होते. त्यांनी मेणबत्ती पुन्हा पेटवली, स्वानंदच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चला, दोघं मिळून." दुसऱ्यांदा मात्र स्वानंदने फुंकर घातली नाही. तो टाळ्या वाजवत राहिला. चव्वेचाळीस वर्षांचा स्वानंद. डोक्यावर चकचकीत कागदी टोपी, हनुवटीवर पांढरे खुंट. हॉलमधली बाकीची पंचवीस-तीस मुलंही टाळ्या वाजवत होती. इथे पन्नाशीच्या माणसालाही मुलगाच म्हणत.

मंदाकिनीबाई मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसून पाहत होत्या. मुलगा खूश होता. त्याचं वजन वाढलं होतं, चेहऱ्यावर तजेला आला होता. हे पाहून बरं वाटायला हवं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या बरं वाटण्याची वाट पाहत बसून राहिल्या.

'सोबत' ही संस्था कल्याणच्या पुढे मुरबाड रस्त्याला होती. दौलतराव साबळे यांनी ती बावीस वर्षांपूर्वी सुरू केली. ते मोहन्याच्या कंपनीत फिटर होते. त्यांची मुलगी ऐश्वर्या स्वानंदसारखीच. तिला ठेवावं असं ठिकाण सापडेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या जागेवर दोन खोल्या बांधल्या आणि तिच्या सोबतीला आणखी चार मुलं घेतली. आता इमारत दुमजली होती आणि महिन्यातले पंधरा दिवस कोणा ना कोणा देणगीदाराचा वाढदिवस इथे असे.

स्वानंदला जानेवारीत इथे आणलं, त्याला कारण दिवाळीनंतरचा एक दिवस. मंदाकिनीबाई डोंबिवलीच्या घरात बाथरूममध्ये घसरून पडल्या. खुब्याला मार बसला, उठता येईना. स्वानंद आला. त्याने आतून उशी आणून त्यांच्या डोक्याखाली सरकवली, अंगावर चादर घातली आणि तो शेजारी बसला. "दार उघड, समोरच्या काकूंना बोलव," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. तो मान डोलवत होता. दाराची वरची कडी आईनेच काढायची, हे त्याला लहानपणी पक्कं शिकवलेलं होतं आणि ते मंदाकिनीबाईंनीच शिकवलं होतं. आई फोन उचलत नाही म्हणून दुपारी चारला मुलगी, वल्लरी, धावत आली. सुताराला बोलावून दार उघडलं, तेव्हा स्वानंद सकाळी साडेदहाला बसला होता तसाच बसलेला होता. त्यानेही काही खाल्लं नव्हतं.

वाढदिवसाची मंडळी जेवायला वाढू लागली, तेव्हा दौलतराव मंदाकिनीबाईंना वरच्या ऑफिसात घेऊन गेले. जिन्यावर ते दोनदा थांबले. मागच्या वर्षी त्यांची बायपास झाली होती.

"कसा वाटतोय आमचा स्वानंद?"

"छान आहे."

"सकाळी उठून सगळ्यांच्या चादरींच्या घड्या घालतो. कोणी सांगितलेलं नाही, आपणहून."

"दौलतराव, तुमच्यानंतर हे कोण बघणार?"

प्रश्नात काही खोच नव्हती. महापालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. मयताचं नाव, वय, तुमचं नातं, हे सगळं त्या याच आवाजात विचारत आल्या होत्या.

दौलतराव हसले. "सगळेच विचारतात. पण जाताना, गेटपाशी. तुम्ही समोर बसून विचारलंत."

"तुमचा मुलगा?"

"सुदेश पुण्याला असतो. सणाला येतो. त्याचं त्याचं चाललंय." त्यांनी टेबलावरचा कागद उगीच सरळ केला. "ट्रस्टी आहेत. चांगली माणसं आहेत. होईल काहीतरी. आजपर्यंत एक दिवस चूल बंद राहिली नाही इथली."

"सरकारी ठिकाण बघितलंय तुम्ही?"

"बघितलंय ना. ऐश्वर्या बारा वर्षांची होती. हात धरून घेऊन गेलो आणि तसाच परत आलो. तिथे पाळी संपली की माणूस घरी जातो, बाई. इथे माझी पाळी संपतच नाही." ते खिडकीकडे वळले. "खरं तर हे सरकारचंच काम. ते करत नाहीत म्हणून आम्ही करतो. आणि आम्ही करतो म्हणून ते करत नाहीत."

मंदाकिनीबाईंनी मान हलवली. खालून पुन्हा टाळ्या ऐकू आल्या.

पुढच्या मंगळवारी त्या काठी घेऊन एकट्याच ठाण्याच्या सरकारी कचेरीत गेल्या. पिशवीत स्वानंदचे सगळे दाखले होते. जुन्यावर 'मतिमंद' लिहिलेलं होतं, त्यानंतरच्यावर 'अपंग', नव्यावर 'दिव्यांग'. टेबलामागच्या मॅडम पस्तिशीच्या असतील. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले.

"आई हयात आहे, सख्खी बहीण आहे. मग हे निराधार कसे, मावशी?"

"मी एकाहत्तर वर्षांची आहे. चालता येत नाही धड."

"तुमचं होईल. सिव्हिलचं मेडिकल लागेल. पण बहीण?"

"बहिणीने सांभाळायला तयार नाही असं लिहून दिलं तर?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "देतील त्या?"

"देईल."

"खरं सांगू का? इथली ऑफिसर म्हणून नाही सांगत. ते संस्थेत छान आहेत म्हणता, तर राहू दे तिथेच. आमच्याकडे दहा पोस्ट मंजूर आहेत, भरलेल्या चार. बाकी सगळे कंत्राटी. मी माझ्या माणसाला नसतं ठेवलं."

"तुमची बदली कधी होईल?"

"माझी?" मॅडम गोंधळल्या. "जूनमध्ये, बहुतेक."

"मग या खुर्चीवर कोण बसेल?"

"कोणीतरी येईल ना."

"तेच," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी अर्जाचा नमुना मागितला.

सरकारी गृह शहराच्या कडेला होतं. आत फिनेलचा वास होता. लोखंडी पलंगांच्या दोन रांगा, प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी पांढऱ्या रंगात नंबर. पुरुष एकसारख्या निळ्या शर्टांत बसलेले होते. मंदाकिनीबाई आत आल्या तेव्हा कोणी वर पाहिलं नाही. साहेब मीटिंगला गेले होते, म्हणून मारुती नावाच्या काळजीवाहकाने त्यांना फिरवून दाखवलं. शेवटच्या खिडकीपाशी पांढऱ्या केसांचा एक माणूस बाहेर बघत उभा होता.

"हे कधीपासून आहेत इथे?"

"गणू? माझ्या आधीपासून. मला लागून एकवीस वर्षं झाली, तेव्हापण याच खिडकीला होता. रजिस्टरला चौऱ्याहत्तर साल आहे. पोलिसांनी आणलेला, पाच-सहा वर्षांचा असेल. नावपण इथेच ठेवलं त्याचं."

"भेटायला कोणी येतं?"

"कोण येणार, मावशी?"

गणूची नखं कापलेली होती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. फाइल पाठवली, दीड वर्षाने नंबर लागला, असं मारुती म्हणाला. बारा वाजले आणि ताटं आली. वरण, भात, कोबी. गणू खिडकीपासून वळला, आपल्या पलंगावर बसला आणि जेवू लागला.

"मारता का इथे?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

मारुतीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मी नाही मारत. पूर्वी एक होता. त्याला काढला."

"किती दिवसांनी?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं," मारुती खाली बघत म्हणाला.

त्या गणूच्या पलंगाशी उभ्या राहिल्या. याला आणणारे पोलीस आता नसतील. त्यांच्या नोंदी कुठल्यातरी खिडकीवर कोणीतरी केल्या असतील. याचं नाव ठेवणारे साहेबही नसतील. आणि याला पन्नास वर्षं रोज बारा वाजता ताट येत होतं. त्यासाठी कोणाला याच्यावर माया करावी लागली नव्हती. मंदाकिनीबाईंनी हा विचार पुन्हा एकदा करून पाहिला. तो कुठे दुखला नाही.

वल्लरी रविवारी आली. ठाण्याला बँकेत नोकरी, घरी बारावीतली अंतरा. ती नेहमी घाईतच असायची. तिने ओट्याशी उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं आणि गॅस बंद केला.

"म्हणजे मला माझा भाऊ नको, असं मी लिहून द्यायचं?"

"नको असं नाही लिहायचं. सांभाळ करण्यास तयार नाही. एवढंच."

"एवढंच! अगं आई, पण मी तयार आहे. साकेतशी बोलणं झालंय माझं. हॉलमध्ये खिडकीच्या बाजूला त्याचा पलंग बसतो. आम्ही मापं पण घेतलेली."

मंदाकिनीबाईंना हे माहीत नव्हतं. "कधी घेतलीत?"

"तू पडलीस ना, त्याच आठवड्यात."

मंदाकिनीबाई खुर्चीवर बसल्या. जावयाने गुडघ्यावर बसून टेप धरली असेल, दुसरं टोक वल्लरीने. त्यांना ते दिसलं आणि त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"म्हणूनच सही हवी," त्या म्हणाल्या. "तू अठ्ठेचाळीसची आहेस. तुझ्यानंतर काय, अंतराच्या हॉलची मापं घ्यायची?"

"मग 'सोबत'मध्ये राहू दे ना! तो खूश आहे तिथे, तू स्वतः बघितलंस. दौलतकाका किती करतात. सरकारी ठिकाणी त्याला कोणी स्वानंद म्हणून हाक तरी मारेल का?"

"सुरुवातीला मारतील."

वल्लरीने भांड्यातला चहा तसाच मोरीत ओतला आणि भांडं घासायला घेतलं. बराच वेळ घासत राहिली.

सही तिने केली. ठाण्याला कोर्टाबाहेर टायपिस्टने प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचून दाखवलं. त्या वाक्यापाशी वल्लरीने त्याला थांबवलं.

"इथे 'असमर्थ आहे' असं करता येईल का? तयार नाही याच्याऐवजी."

टायपिस्टने मंदाकिनीबाईंकडे पाहिलं.

"नको," त्या म्हणाल्या. "असमर्थ म्हटलं की का असमर्थ ते विचारतात. पगाराचा दाखला मागतात. कागद परत येतो. तयार नाही म्हटलं की पुढे प्रश्न नसतो."

वल्लरीने पेन मागून घेतलं. सही करताना तिने पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, मग ते चुकलं हे लक्षात आलं आणि टायपिस्टला पान पुन्हा काढावं लागलं. दुसऱ्या पानावरची सही बरोबर आली. त्यानंतर आठ दिवस तिचा फोन आला नाही. नवव्या दिवशी आला, तेव्हा ती गॅसच्या नंबराबद्दल बोलली.

मे महिन्यात आदेश हातात आला. मंदाकिनीबाई स्वानंदला आणायला 'सोबत'मध्ये गेल्या. दौलतरावांनी वाद घातला नाही. स्वानंदचे कपडे धुऊन, घड्या घालून पिशवीत भरलेले होते.

"बाई, एकच सांगा. इथे काय कमी पडलं?"

"काही नाही."

"मग?"

"काहीच कमी नव्हतं, दौलतराव."

त्यांनी पिशवी रिक्षात ठेवली. स्वानंदला वाटलं, घरी जायचंय. तो रिक्षातून बाहेर वाकून सगळ्यांना हात करत राहिला, रिक्षा वळली तरी.

सरकारी गृहात मारुतीने त्याचा हात धरला आणि एकतीस नंबरच्या पलंगापाशी नेलं. स्वानंदने इकडेतिकडे पाहिलं, शेजारच्या पलंगावरची चादर उचलली आणि घडी घालायला लागला. त्या पलंगावरच्या माणसाने ती हिसकावून घेतली. स्वानंद रिकाम्या हातांनी उभा राहिला. मंदाकिनीबाई तेव्हा ऑफिसच्या दारात होत्या. जाताना मागे बघू नका, असं मारुतीने आधीच सांगितलं होतं. त्यांनी बघितलं नाही. घरी येऊन त्यांनी भात लावला, आणि कुकरची शिट्टी झाल्यावर लक्षात आलं की दोन माणसांचा लावलाय. उरलेला त्यांनी दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन खाल्ला.

त्या दर पंधरा दिवसांनी जात होत्या. वल्लरी एकदा बरोबर आली. पुढच्या वेळी तिने विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

ऑगस्टमधल्या एका दुपारी दारावरची बेल वाजली. दौलतराव होते. फोन न करता आले होते. दोन मजले चढून आल्यामुळे त्यांना थोडा वेळ बोलता येईना. मंदाकिनीबाईंनी पंखा वाढवला, पाणी दिलं.

"असाच आलो," ते म्हणाले. "डोंबिवलीत काम होतं." मग पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "स्वानंद कसा आहे?"

"आहे."

"रडला का?"

"पहिले चार दिवस. मग नाही, असं मारुती म्हणाला."

"मग?"

"मग मी विचारलं नाही."

दौलतरावांनी पेला टेबलावर ठेवला. खिशातून रुमाल काढून मान पुसली. "वजन?"

"उतरलंय. आधीचे शर्ट सैल होतात. तसेही तिथे निळेच घालतात."

"हाक मारल्यावर येतो?"

"माझ्या हाकेला येतो. जेवायच्या घंटेलाही येतो."

समोरच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता. दौलतराव तो ऐकत असल्यासारखे बसले होते. मंदाकिनीबाईंनी चहाचं विचारलं, ते नको म्हणाले.

"त्या अर्जाला काय काय लागतं हो?" त्यांनी विचारलं.

मंदाकिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"माहिती असावी म्हणून," ते म्हणाले. "डॉक्टर परत अँजिओ करू म्हणतायत. करू. अजून तारीख नाही ठरली." ते पंजे गुडघ्यांवर ठेवून बसले होते आणि पंज्यांकडेच बघत होते. "सुदेशला विचारलं मी. तो म्हणाला, बाबा, जागेचं बघता येईल, पण ऐश्वर्याचं आम्हाला जमणार नाही. सरळ बोलला, ते बरं झालं. लिहूनही देतो म्हणाला."

"आणि ट्रस्टी?"

"चांगली माणसं आहेत." त्यांनी मान वर केली. "बाई, एवढं मात्र कोणाला बोलू नका. लोकांच्या कानावर गेलं तर... बाकीची सत्तावीस मुलं आहेत तिथे. त्यांचं चालायला हवं."

"नाही बोलणार."

मंदाकिनीबाई उठल्या. कपाटातून फाइल काढली. अर्जाच्या दोन कोऱ्या प्रती त्यांनी तेव्हाच जास्तीच्या करून ठेवल्या होत्या. एखादी बिघडली तर असावी म्हणून. चष्मा लावला, एक प्रत टेबलावर सरळ केली.

"मुलींचं गृह वेगळं आहे. अर्ज हाच. तिचं आधार आहे ना? दाखल्यावर आणि आधारवर नाव सारखंच लागतं, काना-मात्रेचा फरक चालत नाही."

"सारखंच आहे."

"सुदेशच्या कागदात 'तयार नाही' असंच लिहायचं. असमर्थ नाही."

"बरं."

"तिच्या आईचा मृत्यूचा दाखला?"

"आहे. तुमच्याच ऑफिसातून घेतला होता. तुम्हाला आठवत नसेल."

मंदाकिनीबाईंना आठवत नव्हतं. त्यांनी पेनचं टोपण काढलं. "मीच भरते. पूर्ण नाव?"

"ऐश्वर्या दौलत साबळे."

त्यांनी एकेक अक्षर सुटं, सारख्या उंचीचं लिहिलं.

"जन्मतारीख?"

"एकोणीस ऑगस्ट एकोणीसशे ब्याऐंशी," दौलतराव म्हणाले. मग थोडं पुढे वाकून, घाईने, जणू त्या पुढच्या रकान्याकडे जातील, म्हणाले, "सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मी पहिल्या पाळीला निघालो होतो. अर्ध्या वाटेतून परत आलो."

मंदाकिनीबाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

"वेळेला रकाना नाही यात," त्या म्हणाल्या.